ट्रॅव्हल ट्रेलर ओढायला कोणती पिकअप घ्यावी? मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायची, झोपण्याची सोय असलेली चाकांवरची खोली, अर्थात कॅरॅव्हॅन. मे महिना आणि दिवाळीची सुट्टी जवळ आली की तो ओढण्याबद्दलचे हे प्रश्न येऊ लागतात. बहुतेक जण गाडीचं नाव घेऊनच सुरुवात करतात: "हायलक्स घेऊ की व्ही-क्रॉस?" आमचं उत्तर थोडं त्रासदायक आहे. मुंबईहून ट्रेलर ओढताना इंजिनाची ताकद क्वचितच कमी पडते. अडचण येते ती पेलोड (गाडीने स्वतःच्या अंगावर वाहायचं वजन), ब्रेक, कागदपत्रं आणि पार्किंग या चार ठिकाणी. म्हणून खालची उत्तरंही तिथेच जास्त रेंगाळली आहेत.

१. ट्रेलर ओढायला पिकअपच हवी का? आमच्या एसयूव्हीने काय घोडं मारलंय?

काहीच नाही. ट्रेलर लहान असेल तर लॅडर फ्रेमवरची (शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बांधलेली) एसयूव्ही चालते. टोयोटा फॉर्च्युनर आणि हायलक्स यांचा पाया एकाच घराण्यातला आहे, २.८ लिटर डिझेल इंजिनही तेच. तरी पिकअपला तीन गोष्टींचा फायदा मिळतो. मागच्या बाजूला पाटे (लीफ स्प्रिंग) असल्याने हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडावर, वजन आलं की गाडी बसत नाही. ओले तंबू, गॅसची शेगडी, पाण्याचे कॅन हौद्यात जातात, माणसांच्या मांडीवर येत नाहीत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे व्हीलबेस, अर्थात पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. हायलक्सचा ३,०८५ मिमी, फॉर्च्युनरचा २,७४५ आणि तीन दारांच्या थारचा २,४५०. व्हीलबेस जितका लांब तितका मागचा ट्रेलर पुढच्या गाडीला कमी नाचवतो. थारने ट्रेलर ओढायचं मनात असेल तर प्रश्न १५ आधी वाचा.

२. आधी पिकअप घ्यावी की आधी ट्रेलर?

आधी ट्रेलर ठरवा. निदान त्याचं भरलेलं वजन तरी ठरवा. पिकअप आधी घेणारे नंतर तिला पेलणारा ट्रेलर शोधत बसतात आणि शेवटी "ओढेल की" म्हणून मोठाच घेतात.

वजन विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नका. तो सांगतो ते रिकामं वजन. त्यात एसी, बॅटरी, गाद्या, भांडी आणि पाणी धरलेलं नसतं. १०० लिटरची टाकी भरली की थेट १०० किलो वाढले. ट्रेलर सहलीला निघतो तसा भरून वजनकाट्यावर न्या. कळंबोलीच्या स्टील मार्केटच्या बाजूला ट्रकवाल्यांचे काटे आहेत. पावती घ्या आणि मगच शोरूमची पायरी चढा.

३. भारतात खासगी नंबरप्लेटवर कोणत्या पिकअप मिळतात?

यादी छोटी आहे. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस: १.९ लिटर डिझेल, १६३ पीएस, ३६० न्यूटन मीटर टॉर्क (चाकं फिरवण्याचा जोर). टोयोटा हायलक्स: २०२२ मध्ये आली, २.८ लिटर डिझेल, २०४ पीएस. टॉर्क मॅन्युअलमध्ये ४२० आणि ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन मीटर. टाटा झेनॉन आणि महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे आता जुन्या बाजारातच (प्रश्न १६). बोलेरो कॅम्परबद्दल प्रश्न १२ मध्ये लिहिलं आहे.

४. टॉर्क जास्त म्हणजे जास्त वजन ओढणार, इतकं सोपं नाही का?

नाही. टॉर्क ट्रेलरला घाट चढवतो. पण तो किती ओढायचा हे फ्रेम, ब्रेक, गिअरबॉक्सचं कूलिंग, मागचा अॅक्सल आणि हिच मिळून ठरवतात. यातला जो भाग सर्वांत कमजोर, तीच गाडीची मर्यादा.

उदाहरण घ्या. ब्रिटनमध्ये १.९ लिटरच्या डी-मॅक्सला ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी ३,५०० किलोची ओढक्षमता दिलेली आहे. ३६० न्यूटन मीटरमध्ये साडेतीन टन! म्हणजे तिथल्या कंपनीच्या दृष्टीने इंजिन ही अडचण नव्हतीच. मात्र हा आकडा उचलून इथल्या व्ही-क्रॉसला चिकटवू नका. देशागणिक सस्पेन्शन, एकूण वजनाची मंजुरी आणि टो-बार (गाडीच्या मागे हिचसाठी बसवायची दांडी) बदलतो. इथल्या माहितीपत्रकांत ओढक्षमतेची ओळ बहुधा नसते. तेव्हा डीलरला ईमेल करून विचारा: ब्रेकसह किती, ब्रेकशिवाय किती, बॉलवर (ट्रेलरचं तोंड ज्यावर बसतं त्या हिचच्या गोळ्यावर) किती आणि पिकअप-ट्रेलर मिळून एकूण किती. सेल्समनचं "सर, आरामात" हे उत्तर नव्हे. लेखी आकडा आला नाही तर ट्रेलर लहान ठेवा.

५. पेलोडचा ट्रेलरशी काय संबंध? ट्रेलर तर स्वतःच्या चाकांवर चालतो ना?

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. ट्रेलरचं बरंचसं वजन त्याच्या चाकांवर असतं, पण पुढचा काही भाग हिचच्या बॉलवर टेकतो. तो पिकअपच्या पेलोडमध्येच मोजायचा.

समजा तुमच्या पिकअपचा पेलोड ४५० किलो आहे. चार मोठी माणसं २८० किलो. हौद्यावरचं झाकण ७० किलो. सामान आणि बर्फाची पेटी ६० किलो. हे झाले ४१०. टो-बार २५ किलो, म्हणजे ४३५. उरले पंधरा किलो, आणि हजार किलोच्या ट्रेलरचे बॉलवर येणारे शंभर किलो अजून मोजलेच नाहीत. इंजिन हसतखेळत ओढेल, पण मागचा अॅक्सल कागदावरच्या मर्यादेपलीकडे गेलेला असेल. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर हेच गणित मांडतो.

आरसीवर रिकामं वजन असतं. एकूण मंजूर वजन कंपनीच्या पुस्तिकेत किंवा दाराजवळच्या पट्टीवर मिळतं. दोन्हींतला फरक म्हणजे पेलोड. जीवनशैलीची म्हणून विकली जाणारी, भरपूर सजवलेली पिकअप याच बाबतीत साध्या मॉडेलपेक्षा मागे पडते, कारण सजावटीलाही वजन असतं.

६. बॉलवर किती वजन यायला हवं?

अमेरिकी पद्धतीच्या ट्रॅव्हल ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के धरतात. युरोपीय पद्धतीच्या हलक्या कॅरॅव्हॅनला त्याहून कमी, साधारण ५ ते ७ टक्के. ट्रेलर कोणत्या घडणीचा आहे ते बघून त्याच्या निर्मात्याचा आकडा पाळा. मोजायला साधा उपाय आहे: बॉलच्या उंचीइतका लाकडी ठोकळा वजनकाट्यावर ठेवून ट्रेलरचं तोंड त्यावर टेकवा. वजन कमी आलं तर सामान पुढे सरकवा, जास्त आलं तर अॅक्सलच्या दिशेने. पण पुढे भरपूर आणि मागे अगदी टोकाला भरपूर अशी विभागणी नको. आकडा बरोबर येतो आणि ट्रेलर तरी डोलतो.

७. ट्रेलरला वेगळे ब्रेक लागतातच का?

बऱ्याच देशांत ७५० किलोच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आम्ही तर म्हणतो, घाट उतरणार असाल तर त्याखालीही घ्या. दोन प्रकार आहेत. ओव्हररन ब्रेक पिकअप थांबू लागली की ट्रेलरच्या ढकलण्यानेच लागतात. त्यांना गाडीत वायरिंग लागत नाही. इलेक्ट्रिक ब्रेकला ड्रायव्हरजवळ कंट्रोलर लागतो, पण ट्रेलरचे ब्रेक हाताने वेगळे लावता येतात आणि ही सोय उतारावर सोन्यासारखी असते.

स्थानिक वर्कशॉपमध्ये बनवलेला ट्रेलर बघायला जाल तेव्हा इंटिरिअरआधी खाली वाका आणि चाकांतले ब्रेकचे ड्रम बघा. आत एलईडी पट्ट्या आणि खाली ब्रेकच नाहीत असं हमखास आढळतं.

८. ऑटोमॅटिक की मॅन्युअल?

ऑटोमॅटिक. खंडाळ्याच्या चढावर रविवारी संध्याकाळी ट्रॅफिक अडकला की दर दहा मीटरला हाफ क्लच करून ट्रेलर हलवावा लागतो. वास येतो तो क्लचप्लेटचा. टॉर्क कन्व्हर्टरवाला गिअरबॉक्स हे सहन करतो, फक्त त्याचं तेल पुस्तिकेतल्या मुदतीआधी बदला आणि चढावर ट्रेलरसह डी मध्ये सारखे गिअर बदलू लागले तर मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरून ठेवा. युरोपात ओढक्षमता ठरवताना १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा भरल्या ट्रेलरसह उठून दाखवावं लागतं. घाटातल्या आपल्या ट्रॅफिकचीच ती परीक्षा म्हणायची.

९. फोर-व्हील-ड्राइव्ह घ्यायलाच हवी का?

डांबरी रस्त्यासाठी नको. पण पावसात कर्जत-मुरबाडच्या फार्मवरून, ओल्या गवतावरून भरलेला ट्रेलर बाहेर काढायचा तर हवी. लो रेंजमध्ये, म्हणजे जास्त जोराच्या अगदी संथ गिअरमध्ये, ट्रेलर इंच-इंच मागे घेता येतो हाही फायदा. हायलक्स इथे फोर-बाय-फोरच येते. व्ही-क्रॉसचं फोर-बाय-टू मॉडेलही मिळतं, ते बघून घ्या. समुद्रकिनाऱ्यावर गाडी उतरवण्यासाठी मात्र घेऊ नका. पोलीस गुन्हा नोंदवतात आणि भरती कुणासाठी थांबत नाही.

१०. हिच आणि बॉल बाजारातला कोणताही चालेल का?

नाही. टो-बार फ्रेमला बोल्ट झालेला आणि त्याच्यावर वजनमर्यादेचा शिक्का असलेला हवा. बंपरला वेल्डिंग केलेला हूक होडीच्या रिकाम्या ट्रॉलीलाही देऊ नका.

बॉलची गोम वेगळीच आहे. युरोपीय कपलर (ट्रेलरच्या तोंडाचा, बॉलवर बसणारा भाग) ५० मिमीचा, अमेरिकी बॉल दोन इंची म्हणजे ५०.८ मिमी. डोळ्यांना सारखेच दिसतात. एकावर दुसरा बसवला तर एक तर नीट लॉक होत नाही, नाही तर घासत राहतो. दोन्ही एकाच मापाचे घ्या. सुरक्षा साखळ्या कपलरखाली फुलीसारख्या बांधा, म्हणजे कपलर सुटला तरी ट्रेलरचं तोंड रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतं.

११. आरटीओ आणि विमा: ट्रेलरची नोंदणी लागते का?

लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या 'मोटार वाहन' या व्याख्येतच ट्रेलर येतो. इंजिन नाही म्हणून सुटका नाही. स्वतंत्र नोंदणी, स्वतंत्र नंबरप्लेट, त्रयस्थ पक्षाचा विमा.

दिलासा असा की केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर बिगर-परिवहन गटात आहे. भाड्याने द्यायचा ठरवलात की तो गट बदलतो. "मित्रांना देतो, पैसे पेट्रोलपुरते घेतो" हा युक्तिवाद आरटीओत टिकत नाही.

विकत घेताना फॉर्म २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्र, फॉर्म २२ म्हणजे रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचं निर्मात्याचं प्रमाणपत्र आणि नमुना-मंजुरीची प्रत मागा. एआरएआयसारख्या मान्य संस्थेची मंजुरी नसलेला, गॅरेजमध्ये हौसेने बनवलेला ट्रेलर कितीही देखणा असला तरी तो नोंदवून घेणं अवघड जातं. पैसे देण्याआधी तुमच्या आरटीओत ही कागदं दाखवून या.

पिकअपच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की निर्मात्याच्या मूळ तपशिलाच्या विरोधात वाहनात बदल करता येत नाही. म्हणून टो-बार कंपनीच्या अॅक्सेसरीतला किंवा कंपनीने लेखी मान्य केलेला घ्या, पावती गाडीत ठेवा आणि विमा कंपनीला ट्रेलर ओढणार असल्याचं ईमेलने कळवून पॉलिसीत तशी नोंद करून घ्या. एजंटने फोनवर "कव्हर आहे" म्हटलं ते क्लेमच्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

१२. बोलेरो कॅम्पर किंवा टाटा योद्धा निम्म्या किमतीत मिळते. ती घेऊन पैसे वाचवू का?

पाटे दणकट, पेलोड उत्तम, दुरुस्ती गावोगावी. ओढण्याच्या दृष्टीने वाईट नाहीत. पण या मालवाहू गाड्या: पिवळी पाटी, फिटनेस तपासणी, व्यावसायिक विमा आणि मुंबईत मालवाहतुकीवर असलेली वेळेची व रस्त्यांची बंधनं. एअरबॅग आणि स्थिरता नियंत्रणात त्या व्ही-क्रॉस-हायलक्सच्या बरोबरीला येत नाहीत. धंद्यासाठी गाडी हवीच आहे आणि वर्षातून थोडंसं फिरायचंय, तर विचार करा. फक्त फिरण्यासाठी नको.

१३. साध्या कार लायसन्सवर चालेल का?

एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं, लायसन्स पुरेसं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ७,५०० किलोपर्यंतच्या परिवहन वाहनांसाठीही तेच लायसन्स चालतं असा निकाल दिला. आपली जोडी त्याच्या बरीच खाली असते.

१४. घाटात नक्की काय वेगळं करायचं? आणि कोणत्या रस्त्याने जायचं?

चढण्याची काळजी कमी करा, उतरण्याची जास्त. कसारा असो, माळशेज असो की वरंधा, ज्या गिअरने चढला असतात त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरने उतरा. सारखा ब्रेकवर पाय ठेवलात तर ड्रम तापून ब्रेक विरघळल्यासारखे होतात आणि मागून हजार किलो ढकलत असतात. ब्रेक लावायचा तो एकदा ठाम, मग सोडून थंड होऊ द्यायचा. न्यूट्रलमध्ये उतरून डिझेल वाचवणाऱ्या दोस्ताला स्टीअरिंग देऊ नका.

ताम्हिणी आणि वरंध्याच्या वळणांवर ट्रेलरची चाकं पिकअपच्या चाकांपेक्षा आतून कापत जातात. मोठा ट्रेलर घेऊन पहिल्यांदाच निघत असाल तर एक्स्प्रेस वे बरा, लेन रुंद आहेत.

शहरातून निघताना मुंबई कोस्टल रोडचा विचार सोडा. तिथे ट्रेलर आणि मालवाहू गाड्यांना मनाई आहे. अलिबागसाठी भाऊच्या धक्क्याहून मांडव्याची रो-रो २०२० पासून आहे, पण तिकीट काढण्याआधी ट्रेलरसह एकूण लांबी सांगून होकार घ्या. दिघी-आगरदांडा किंवा दाभोळ-धोपावे अशा कोकणातल्या फेरीबोटींवर अडचण उताराच्या कोनाची: ओहोटीला रॅम्प तिरका होतो आणि ट्रेलरचं शेपूट जमिनीला घासतं. भरतीच्या आसपासची फेरी गाठा.

टोलबाबत: ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना माफी आहे. राष्ट्रीय महामार्गावर मात्र अॅक्सल मोजून वर्ग ठरू शकतो, आणि पिकअप अधिक एका अॅक्सलचा ट्रेलर म्हणजे तीन अॅक्सल. फास्टॅगमध्ये शिल्लक जास्त ठेवा आणि ट्रेलरची आरसी हाताशी.

१५. वेगात ट्रेलर डोलायला लागला तर?

स्टीअरिंग सरळ धरा, अॅक्सिलरेटर सोडा. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर फक्त ट्रेलरचे हळूच लावा. पिकअपचा ब्रेक जोरात दाबू नका आणि स्टीअरिंगने डोलणं "सुधारायला" जाऊ नका, ते वाढतं. वेग वाढवून ट्रेलर सरळ होतो हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका.

कारणं बहुधा बॉलवर कमी वजन (प्रश्न ६), आखूड व्हीलबेस, टायरमध्ये कमी हवा किंवा शेजारून गेलेल्या व्होल्वोचा झोत. एकदा डोलला की पुढच्या सुरक्षित जागी थांबून सामान हलवा, तसेच पुढे जाऊ नका.

१६. जुनी पिकअप घेताना काय तपासावं?

तिने आधी काय ओढलं ते. मागचा बंपर काढून फ्रेमवर वेल्डिंगच्या खुणा बघा, पाट्यांमध्ये जास्तीची पाती घातलीत का बघा, डिफरन्शिअलच्या तेलात धातूचा चुरा आहे का बघा. किनाऱ्याजवळ राहिलेल्या गाडीत फ्रेमच्या आतला गंज टॉर्च मारून पाहावा लागतो. गेटअवे आणि झेनॉनचे इंजिनाचे भाग मिळतात, अंगावरचे पॅनल शोधावे लागतात.

१७. सोसायटीत पार्किंग मिळेल का?

पिकअपला कदाचित, ट्रेलरला जवळपास नाही. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे डीसीपीआर २०३४ मध्ये, मोठ्या गाडीची जागा २.५ बाय ५.५ मीटर आणि छोटीची २.३ बाय ४.५ मीटर. हायलक्स ५,३२५ मिमी, व्ही-क्रॉस ५,३३२ मिमी. छोट्या जागेत नाक रस्त्यावर येतं आणि सोसायटीची बैठक तुमच्यावर होते. टो-बार बसवला की मागून आणखी वाढ. स्टॅक पार्किंगमध्ये लांबी, उंची आणि वजन तिन्ही तपासा.

ट्रेलर पनवेल, बदलापूर किंवा कर्जतकडे कुणाच्या तरी कुंपणातल्या जागेत ठेवणं हा व्यवहार्य मार्ग. भाडं महिन्याचं ठरवा, पावसाळ्यासाठी छप्पर मागा, आणि दर काही आठवड्यांनी जाऊन टायर हलवून या.

१८. डिझेल किती खाईल?

एकट्या गाडीच्या सरासरीत तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत घट धरून खर्च मांडा. डिझेल वजनापेक्षा ट्रेलरच्या समोरच्या चौकोनामुळे जास्त जातं, कारण तो हवा अडवतो; त्यामुळे ८० वरून १०० ला गेलात की फरक लगेच डिझेलच्या काट्यावर दिसतो.

१९. प्रवासात मुलं ट्रेलरमध्ये झोपली तर चालेल?

नाही. सीटबेल्ट नाही, धडक सोसणारी रचना नाही, आणि डोलण्याचा सर्वांत जास्त फटका तिथेच बसतो.

२०. न्यू जर्सीचा भाऊ म्हणतो एफ-१५० घे, सहा टन ओढते. आयात करता येईल का?

मनाची तयारी ठेवा. अमेरिकी एफ-१५० डाव्या हाताच्या स्टीअरिंगची, आणि आपल्या आयात धोरणात उजवं स्टीअरिंग लागतं. वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. त्यात सीमाशुल्क धरलं की किमतीत दोन हायलक्स आणि ट्रेलर येईल.

शिवाय भावाचा आकडा नीट वाचा. अमेरिकेत ओढक्षमता जे२८०७ या प्रमाणानुसार मोजतात आणि त्यात गाडीत दोनच माणसं धरलेली असतात, प्रत्येकी १५० पौंड म्हणजे ६८ किलो. आई-बाबा, दोन मुलं, लाडवांचा डबा आणि जास्तीच्या पंचवीस लिटर पाण्यासह निघणाऱ्या कुटुंबासाठी तो आकडा नव्हे. तिथल्या दाराच्या चिठ्ठीवरही पेलोडचीच ओळ आधी वाचायची (प्रश्न ५).

२१. वर्षातून एक-दोन सहलीच होणार असतील तर?

मग पिकअपही नको आणि ट्रेलरही नको. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं आहे आणि ड्रायव्हरसह भाड्याची मोटार कॅरॅव्हॅन मुंबईतून मिळते. एकदा ती घेऊन गणपतीपुळ्यापर्यंत जाऊन या. पाण्याची टाकी कोण भरतं, शौचालयाची कॅसेट (मैला साठवणारी टाकी) कोण रिकामी करतं आणि रात्री गाडी कुठे उभी करायची यावर घरात भांडण झालं नाही, तर परत येऊन प्रश्न २ पासून सुरू करा.